योजनभर भूमीतील औषध : जीवकाची परीक्षा आणि मुलुंडची प्रयोगशाळा

विनयपिटकाच्या महावग्गात, चीवरक्खंधक या आठव्या खंधकात, जीवक कोमारभच्चाची कथा आली आहे. राजगृहातील सालवती या गणिकेच्या पोटी जन्मलेले हे मूल जुन्या सुपात घालून उकिरड्यावर टाकण्यात आले. कावळ्यांनी वेढलेले ते अर्भक अभय राजकुमाराच्या दृष्टीस पडले. ते जिवंत आहे काय, या त्याच्या प्रश्नाला 'जिवंत आहे' असे उत्तर मिळाले आणि त्यावरूनच मुलाचे नाव जीवक पडले. जाणता झाल्यावर जीवक तक्षशिलेस गेला आणि एका विख्यात वैद्याजवळ सात वर्षे शिकला. तरीही विद्येचा अंत दिसेना, तेव्हा हे शिक्षण संपणार केव्हा, असे त्याने गुरूस विचारले. गुरूने त्याच्या हाती कुदळ दिली आणि सांगितले, की तक्षशिलेच्या चहूंकडे योजनभर भूमी फिर व जे औषध नाही असे काही आढळल्यास ते घेऊन ये. जीवक फिरला आणि रिकाम्या हाताने परतला. गुरूने त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे सांगितले.

ही कथा आपल्या विहारांतून पुष्कळदा सांगितली जाते आणि सृष्टीतील प्रत्येक वस्तू औषधी आहे, एवढाच अर्थ बहुधा तिच्यातून काढला जातो. आमच्या मते कथेचा खरा भर जीवकाच्या फिरण्यावर आहे. गुरूने त्याला पाठांतर म्हणून दाखवावयास सांगितले नाही. भूमीवर जाऊन एकेक वस्तू पारखावयास सांगितले. उत्तर गुरूच्या मुखातून आले नाही, ते शिष्याने पायपीट करून आणले.

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या वाचकांस अशी योजनभर भूमी दूर शोधावी लागणार नाही. बोरिवलीच्या पूर्वेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या अरण्यात, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास तेथे खोदकामास प्रारंभ झाला आणि पुढे सुमारे हजार वर्षे तेथे भिक्खूंचा वास राहिला. त्या अरण्यात कुडा, करंज आणि बेहडा ही झाडे आजही आढळतात. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात भिक्खूंना अनुज्ञा दिलेल्या औषधांच्या यादीत कुटज, नत्तमाल आणि विभीतक ही नावे येतात, ती याच झाडांची. त्याच अरण्याच्या पूर्व कडेला मुलुंड वसले आहे. योजनेचे माप ग्रंथपरत्वे बदलते. तथापि सर्वसाधारणपणे धरल्या जाणाऱ्या मापाने कान्हेरीच्या डोंगरापासून मुलुंड योजनभराच्या आतच येते. या मुलुंडमध्ये १९७० च्या दशकात एका प्रयोगशाळेने आपल्या देशातील वनस्पती एकेक करून पारखण्याचे काम केले. त्यातून निघालेल्या दोन द्रव्यांनी, शरीरातील पेशीचे कार्य आणि रोगाची वाटचाल यांविषयीच्या जगाच्या ज्ञानात भर घातली. त्या कार्याचा इतिहास सांगणे आणि रोगाच्या कारणांविषयी पालि ग्रंथांत जी दृष्टी दिसते तिच्या शेजारी तो ठेवून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या लेखास एक निमित्त घडले. घाटकोपरच्या एका विहारात आमचे व्याख्यान संपल्यावर एक माता पुढे आल्या. त्यांच्या तरुण मुलास रक्ताचा कर्करोग झाला होता. "सर, नातेवाईक म्हणतात, पोरगं मागच्या जन्मीचं फेडतंय. आपल्या धम्मात काय सांगितलंय?" असे त्यांनी विचारले. आम्ही त्यांना मोळियसीवकाचे सुत्त सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि दुसरा प्रश्न केला, "मग कशानं झाला?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी तयार होते, दुसऱ्याचे नव्हते.

रोगाची कारणे : पालि ग्रंथांची साक्ष

संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात हे सुत्त आले आहे. भगवान राजगृहाच्या वेळुवनात असता मोळियसीवक नावाचा परिव्राजक त्यांच्याकडे आला. माणसाला जे काही सुख, दुःख अथवा उपेक्षा अनुभवास येते ते सर्व पूर्वकर्मामुळेच होय, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. यावर आपले मत काय, असा त्याचा प्रश्न होता. भगवंतांनी वेदनेची आठ कारणे मोजून दाखविली: पित्त, श्लेष्म, वात, या तिघांचा संनिपात, ऋतूचा पालट, विषम परिहार म्हणजे शरीराची अयोग्य हाताळणी, बाहेरून झालेला आघात आणि आठवे कर्मविपाक. पहिली कारणे माणूस स्वतःही जाणू शकतो आणि लोकांतही ती मान्य आहेत. म्हणून सर्व काही पूर्वकर्माने घडते असे म्हणणारे स्वतःच्या अनुभवाची आणि लोकमान्य सत्याची मर्यादा ओलांडतात, असा निर्वाळा त्यांनी दिला.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कर्मविपाक हे कारण या यादीतून वगळलेले नाही. ते आठांपैकी एक म्हणून आले आहे. ते लपवून ठेवणे अभ्यासकाला शोभणार नाही. परंतु सुत्ताचा रोख स्पष्ट आहे: एका अदृश्य कारणाच्या नावाखाली सात दृश्य कारणे पुसून टाकण्यास त्यात नकार दिला आहे. मिलिंदपञ्हात नागसेन स्थविरांनी हीच आठ कारणे घेऊन, कर्मविपाकाने उत्पन्न होणारे दुःख थोडे आणि इतर कारणांचे अधिक, असे प्रतिपादन केले आहे. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात पूर्वकर्मवादावर आणखी एक आक्षेप आहे. सर्व काही पूर्वीच ठरलेले मानले, तर काय करावे आणि काय करू नये यासाठी इच्छा वा प्रयत्न उरत नाही. आजाऱ्याच्या उशाशी हा वाद कोरडा राहत नाही. औषध आणावे की नवस फेडावा, हे त्यावर ठरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत जे प्रश्न विचारार्थ मांडले, त्यांत आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म यांचा प्रश्न आहे, हे वाचकांस ज्ञात आहेच.

कारणे मान्य केली, पण रोग ओळखावा कसा? या बाबतीत चीवरक्खंधकातच एक मार्मिक स्थळ आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता आणि त्याची शुश्रूषा करणारा कोणी नव्हता. भगवंतांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले आणि नंतर रोगी व परिचारक यांचे गुण सांगितले. सुश्रूषेस सुलभ अशा रोग्याचे पाच गुण आहेत. तो हितकर तेच करतो, त्यातही प्रमाण जाणतो, औषध घेतो, वेदना सहन करतो आणि हितचिंतक परिचारकाला रोगाची अवस्था जशी असेल तशी सांगतो. रोग वाढत असेल तर वाढतो आहे, हटत असेल तर हटतो आहे, आणि स्थिर असेल तर स्थिर आहे.

वाढतो, हटतो, स्थिर आहे. आमच्या समजुतीप्रमाणे वैद्यक-संशोधनाचा सारा व्याप या तीन शब्दांत मावतो. रोग कोणत्या पायऱ्यांनी वाढतो, कशाने हटतो आणि आपण दिलेल्या औषधाने खरोखर काय झाले, हे यथाभूत सांगणे एवढेच संशोधकाचे काम आहे. ते किती कठीण आहे, हे मुलुंडच्या इतिहासावरून दिसते.

सर्पगंधेपासून मुलुंडपर्यंत

मुलुंडच्या आधी मुंबईतच एक महत्त्वाचा टप्पा घडला होता. सर्पगंधेची मुळी आपल्या देशात उन्माद, निद्रानाश इत्यादी विकारांवर पूर्वापार वापरली जात असे. तिने रक्तदाब उतरतो, हे भारतीय वैद्यांनी १९३१ मध्ये नमूद केले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील रक्तदाबाच्या रोग्यांना ती देऊन प्रत्येकाचा दाब मोजला, नोंदला आणि १९४९ मध्ये ते निष्कर्ष इंग्लंडच्या एका हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. पुढे काही रोग्यांना या औषधाने गाढ खिन्नता येते असेही आढळले, आणि त्या दोषाच्या अभ्यासातून मनोविकारांमागील मेंदूतील रासायनिक घडामोडींविषयी नवा विचार सुरू झाला. औषधाचा दोष प्रामाणिकपणे नोंदला, तर तोही ज्ञानाचे साधन होतो.

१९६३ मध्ये याच सिबा कंपनीने गोरेगाव येथे संशोधन केंद्र उघडले. त्याचे पहिले संचालक रसायनशास्त्रज्ञ डॉ. टी. आर. गोविंदाचारी होते. त्यानंतर, १९७० च्या दशकाच्या प्रारंभी, हेक्स्ट या जर्मन कंपनीचे केंद्र मुलुंडला सुरू झाले. डॉ. नोएल डिसूझा यांच्या नेतृत्वाखाली तेथील रसायनशास्त्रज्ञांनी भारतीय औषधी वनस्पतींचे अर्क काढून ते क्रमाने तपासण्याचा कार्यक्रम हाती घेतला. पद्धत सांगावयास सोपी, करावयास किचकट होती. मूळ, साल अथवा पान वाळवून त्याचा अर्क काढावयाचा. प्राण्याच्या रक्तदाबावर, हृदयावर अथवा दाहावर त्याचा परिणाम होतो का ते पाहावयाचे. झाल्यास अर्काचे भाग पाडून कोणत्या भागात गुण आहे ते शोधावयाचे. आणि असे करीत एका शुद्ध द्रव्यापर्यंत पोहोचून त्याची रचना ठरवावयाची. पुष्कळ वनस्पतींच्या बाबतीत ही वाट मध्येच संपते. जीवकाच्या कुदळीचे हे आधुनिक रूप म्हणावयास हरकत नाही; फरक इतकाच, की येथे बहुतेक वेळा 'यात काही सापडले नाही' असेच लिहावे लागते.

लोणच्याची मुळी आणि हृदय

घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांतून गरमरच्या मुळ्यांचे लोणचे घातले जाते, हे पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. तुळशीच्या कुळातील या झुडपाचे शास्त्रीय नाव कोलियस फोर्सकोहली. मुलुंडच्या केंद्रात याच मुळीच्या अर्कातून एक द्रव्य निघाले. त्याने प्रयोगातील प्राण्यांचा रक्तदाब उतरे आणि त्याच वेळी हृदयाचे आकुंचन जोमदार होई. सुजाता भट, डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली आणि त्यास पुढे फोर्सकोलिन हे नाव रूढ झाले. त्याचे हृदयावरील गुण दोहाडवाला व अन्य संशोधकांनी १९७८ मध्ये मांडले. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतही या वनस्पतीतून कोलिओनॉल नावाचे द्रव्य वेगळे करण्यात आले होते; ते फोर्सकोलिनच होय, हे पुढे निश्चित झाले.

पण हे द्रव्य हृदयावर परिणाम करते कसे? त्यासाठी पेशीच्या आत डोकवावे लागते. शरीरातील संप्रेरके रक्तातून पेशीपर्यंत येतात, पण त्यांपैकी अनेकांना पेशीच्या आत प्रवेश नसतो. ती दारावरच थांबतात. दारावरचा ग्राहक संप्रेरकाला ओळखतो, त्याची वर्दी आत पोहोचते आणि अ‍ॅडेनिलेट सायक्लेज नावाचे विकर जागे होते. हे विकर चक्रीय ए. एम. पी. नावाचा छोटा रेणू बनविते. आतला निरोप्या तो हाच. त्याच्या वाढण्याने हृदयाची पेशी जोराने आकुंचन पावते, यकृताची पेशी साखर सोडते. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांनी १९५० च्या दशकात हा निरोप्या शोधला आणि त्याबद्दल १९७१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१९८१ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत सीमन, पॅजेट व डेली यांनी दाखवून दिले, की फोर्सकोलिन दारावरच्या ग्राहकाकडे जातच नाही; ते सरळ आतल्या विकरालाच जागे करते. जर्मनीतील हेक्स्टच्या शास्त्रज्ञांनीही त्याच वर्षी हा परिणाम नोंदला. संशोधकांच्या हाती यामुळे एक किल्ली आली. एखाद्या रोगात निरोप दारावर अडतो आहे, की आत, हे आता वेगळे काढून पाहता येऊ लागले. हे असता ते होते आणि हे नसता ते होत नाही, अशी कारणांची एकेक कडी तपासण्याची रीत बौद्ध वाचकास अपरिचित नाही. तथापि प्रतीत्यसमुत्पादात पेशीविज्ञान सांगितले आहे, असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. साम्य विचारण्याच्या रीतीत आहे. उत्तरे प्रयोगशाळेत कष्टाने मिळाली आहेत.

या किल्लीचा उपयोग किती दूरवर गेला याचे एक उदाहरण पुरे. सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात रोग आहे. त्यात पेशीतून क्षार व पाणी बाहेर नेणारी वाट बिघडते आणि फुप्फुसांत चिकट कफ साचत जातो. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. रोग्याच्या आतड्यातील थोड्या पेशी घेऊन त्यांचे सूक्ष्म गोळे वाढवावयाचे व त्यांवर फोर्सकोलिन घालावयाचे. निरोगी माणसाचे गोळे पाणी ओढून फुगतात, रोग्याचे फुगत नाहीत. मग एखादे औषध घातल्यावर ते फुगू लागले, तर ते औषध त्या रोग्यास लागू पडण्याचा संभव आहे, हे रोग्याला औषध देण्यापूर्वीच कळते.

आता औषध म्हणून फोर्सकोलिनचे काय झाले ते पाहू. ते पाण्यात नीट विरघळत नाही, ही पहिली अडचण. जपानमध्ये त्यापासून पाण्यात विरघळणारे रूप तयार करण्यात आले आणि हृदय अकस्मात दुर्बल झालेल्या रोग्यांसाठी १९९९ मध्ये त्यास तेथे मान्यता मिळाली. परंतु दीर्घकाळ दुर्बल झालेल्या हृदयाच्या बाबतीत एक अनपेक्षित धडा मिळाला. चक्रीय ए. एम. पी. दुसऱ्या मार्गाने वाढविणारे मिलरिनोन नावाचे औषध अशा १,०८८ रोग्यांच्या चाचणीत वापरले गेले. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना औषधविरहित गोळी देण्यात आली. १९९१ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी अधिक निघाले. जे हृदयाला जोर देत होते तेच आयुष्य तोडीत होते. थकलेल्या बैलाला चाबूक मारला, की तो चार पावले जोरात टाकतो आणि नंतर बसतो, तसा हा प्रकार. उलट ज्या औषधांनी हृदयाला सतत पोहोचणारी चेतना कमी होते, त्यांनी अशा रोग्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखविले.

नाडी जोरात लागते म्हणून रोग हटला, असे येथे कोणालाही वाटले असते. तो हटत नसून वाढत होता, हे केवळ मोजणीने कळले. आज फोर्सकोलिनच्या नावाने वजन घटविण्याच्या गोळ्या जाहिराती करून विकल्या जातात. त्यामागे भक्कम पुरावा नाही. मुळी आपल्या देशातील आहे आणि द्रव्य मुंबईत सापडले, एवढ्यावरून अशा दाव्यांना मान तुकविण्याचे कारण नाही.

दुसरे झाड आणि रक्ताचा कर्करोग

मुलुंडचे दुसरे द्रव्य रोहितुकीन. डिसॉक्सिलम बायनेक्टारिफेरम हा सह्याद्रीच्या रांगांतही आढळणारा वृक्ष आहे. त्याच्या सालीतील हे द्रव्य दाह कमी करते, असे मुलुंडच्या केंद्रात आढळले. रमेश नाईक व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्याची रचना आणि प्रयोगशाळेत ते बनविण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच्या रचनेत फेरफार करून फ्लेवोपिरिडॉल हे नवे द्रव्य तयार झाले. शोध दाहावरील औषधाचा चालला होता; हाती आले ते पेशींचे विभाजन थांबविणारे द्रव्य.

एका पेशीच्या दोन पेशी होणे हे काम टप्प्याटप्प्याने चालते आणि प्रत्येक टप्प्यावर काही विशिष्ट विकरे पुढे जाण्याची अनुज्ञा देतात. या यंत्रणेच्या शोधाबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कर्करोगात ही अनुज्ञा वेळी-अवेळी मिळत राहते. फ्लेवोपिरिडॉल त्या विकरांनाच अडविते, हे १९९० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधनातून स्पष्ट झाले. अशा प्रकारच्या औषधांपैकी माणसांवर चाचणी झालेले हे पहिलेच औषध होय.

पहिल्या चाचण्यांत ते सलग बहात्तर तास शिरेतून थेंबथेंब देण्यात आले. प्रयोगशाळेत पेशी मारणारे हे द्रव्य रोग्यांत मात्र फारसे गुणकारी ठरले नाही. कारण पुढे उलगडले. प्रयोगातील पेशी वासराच्या रक्तद्रवात वाढविल्या होत्या. माणसाच्या रक्तातील प्रथिने हे द्रव्य कितीतरी घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे पेशीपर्यंत पोहोचण्यास पुरेसे मोकळे औषध उरतच नव्हते. मग अमेरिकेतील ओहायो येथे जॉन बर्ड व सहकाऱ्यांनी देण्याची रीत बदलली. मात्रेचा काही भाग अर्ध्या तासात आणि उरलेला चार तासांत. इतर उपचार थकलेल्या, दीर्घकालीन रक्तकर्करोगाच्या रोग्यांतही आता रोग हटू लागला, असे २००७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले. पण त्यातून नवा धोका उभा राहिला. कर्कपेशी एकदम इतक्या संख्येने मरत, की त्यांतून सुटलेली द्रव्ये रक्तात साचून जीव धोक्यात येई, आणि काही रोग्यांना रक्तशुद्धीकरण यंत्रावर ठेवावे लागे. औषध तेच, रोग तोच. मात्रा आणि वेळ बदलताच फळही पालटले. प्रमाण जाणणे हा विनयातील गुण येथे आठवतो.

फ्लेवोपिरिडॉलला सर्वसाधारण वापराची मान्यता मिळालेली नाही. मात्र पेशीविभाजनाच्या विकरांना अडविण्याची वाट खरी आहे, हे पक्के झाले. त्या वाटेवरचे पॅल्बोसिक्लिब हे औषध स्तनाच्या कर्करोगासाठी २०१५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते दुसऱ्या प्रयोगशाळेचे आणि वेगळ्या रचनेचे. मुलुंडचे केंद्र त्यापूर्वीच, १९९८ मध्ये, निकोलस पिरामल या भारतीय कंपनीकडे गेले होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर

या इतिहासात विजयाची गर्जना करण्याजोगे फार नाही. दोन झाडांच्या शोधात कितीतरी माणसांची उमेदीची वर्षे गेली आणि घरोघरी पोहोचेल असे औषध त्यातून थेट निघाले नाही. तरीही रोगाच्या वाटचालीतील दोन कड्या अधिक स्पष्ट दिसू लागल्या. त्या दिसल्या, कारण प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी, आपल्या आवडत्या अपेक्षेविरुद्ध जाऊनही, वाढतो तर वाढतो आणि हटतो तर हटतो असे लिहून ठेवले. सर्व काही आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, असे म्हणणाऱ्याला हे कष्ट घ्यावे लागत नाहीत. सर्व काही पूर्वकर्माने घडते, असे म्हणणाऱ्यालाही नाहीत. दोघेही जीवकाच्या गुरूपुढे योजनभर न फिरताच रिकामे हात दाखवितात.

औरंगाबादच्या म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पितळखोरे येथे, लेण्यांतील ब्राह्मी लेखांत मगिल नावाच्या राजवैद्याचे दान नोंदलेले आहे. लेणी कोरविणाऱ्या उपासकांत वैद्यही होते, याचा हा शिलेवरचा पुरावा. वैद्यक आणि विहार यांचा संबंध असा जुना आहे. तो आज टिकवावयाचा असेल, तर विहारात येणाऱ्या आजाऱ्याला आपण काय सांगतो, याचा विचार झाला पाहिजे.

त्या मातेला नंतर आम्ही पुन्हा भेटलो. अस्थिमज्जेतील एखाद्या पेशीच्या आतली सूचना बिघडते, ती पेशी थांबायचे विसरते आणि वाढतच जाते. हा बिघाड याच शरीरात, याच जन्मात होतो, हे आम्ही त्यांना जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. किरणोत्सर्ग, बेंझीनसारखी द्रव्ये अशी काही कारणे ज्ञात आहेत. परंतु बहुतेक रोग्यांच्या बाबतीत एका कारणाकडे बोट दाखविता येत नाही, हेही सांगितले. मुलाने काही पाप केले नाही आणि त्यांनीही नाही. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. मुलाचा ताप, त्याचे खाणे, रक्ततपासणीचे आकडे, डॉक्टरांनी बदललेल्या गोळ्या, सारे तारीखवार त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. डॉक्टर विचारतात तेव्हा खोटे सांगायला नको म्हणून, असे त्या म्हणाल्या.

चीवरक्खंधकातील तो गुण आम्ही अनेक वर्षे शिकवीत आलो होतो. तो पाळणारे माणूस आम्ही त्या दिवशी पाहिले.